विचारपूस : काम यशस्वी

आमच्या कंपनीत गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या बनतात. तुम्ही गाडीचं दार उघडताना आमची आठवण काढावी अशी माझी अपेक्षा नाही, कोणीच काढत नाही. चाकणच्या एमआयडीसीत असल्या कंपन्या पैशाला पासरी आहेत. पण प्रत्येक कंपनीत एक माणूस असा असतो, की तो असला तर कोणाला दिसत नाही आणि नसला तर सगळं ठप्प होतं. आमच्याकडचा तो माणूस म्हणजे ज्ञानेश येळवंडे, कॉम्प्युटरवाला. मी इथलं स्टोअर सांभाळते. लहानथोर सगळे मला सुमनताई म्हणतात, आणि माझं तोंड फटकळ आहे असंही म्हणतात. दोन्ही खरं आहे.

ज्ञानेश बोलत नाही. मुका नाही हो, पण त्याच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे गंजलेला बोल्ट काढण्यासारखं आहे. लेबल छापायचा प्रिंटर अडकला आणि त्याला विचारलं, "ज्ञानेश, किती वेळ लागेल?" तर तो प्रिंटर दुरुस्त करून निघून जाईल, पण 'अर्धा तास' म्हणणार नाही. त्याचे वडील सावळाराम येळवंडे म्हणजे बैलगाडा शर्यतीचं वेड असलेला माणूस. घाटात गाडा सुटला की त्यांची आरोळी पलीकडच्या गावात ऐकू जाते. मला वाटतं घरात आलेला सगळा आवाज बापानंच वापरून टाकला आणि पोराच्या वाट्याला काही उरलंच नाही.

बोलत नसला तरी त्याचं डोकं सतत चालू. शाळेत असताना त्याने विहिरीवरच्या मोटारीला अशी काही जोडणी केली, की लाइट आली की मोटार आपली आपण चालू व्हायची आणि घरच्या फोनवर मिस्ड कॉल यायचा. जे काम दोनदा करावं लागणार ते यंत्राला शिकवून मोकळं व्हायचं, हे त्याचं आयुष्याचं तत्त्व. चहा सोडला तर तो कुठलीच गोष्ट स्वतः दुसऱ्यांदा करत नाही.

अशा माणसाचं लग्न जमणं किती अवघड, ते त्याच्या आईला विचारा. गवराबाईंनी किती स्थळं पाहिली असतील. प्रत्येक ठिकाणी पोहे व्हायचे, चहा व्हायचा, कोणीतरी म्हणायचं, "मुलाला काही विचारायचं असेल तर विचारा," आणि हा म्हणायचा, "नाही." तिथंच घोडं अडायचं. पिंपळे सौदागरला वर्षाली नावाच्या मुलीच्या घरीही हेच होणार होतं. पण तिथला पंखा कटकट कटकट वाजत होता. याने पोहे अर्धे टाकले, खुर्चीवर चढला, पंख्याचं काहीतरी आवळलं आणि खाली उतरून उरलेले पोहे खायला बसला. वर्षालीची माणसं मूळची अंबाजोगाईकडची, वडील इकडे कंपनीत लागले तेव्हापासून इथलीच झालेली. तिचे काका म्हणाले, "हे काय स्थळ आहे का इलेक्ट्रिशियन?" वर्षाली म्हणाली, "मला हा चालेल." ती चिंचवडला रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करते. ठसक्याची मुलगी. साखरपुडा रावेतला झाला आणि लग्न ठरलं तुळशीच्या लग्नानंतरचं.

आता साखरपुडा ते लग्न या काळात मुलामुलीने फोनवर बोलायचं असतं. हे काही कोणी कायद्यात लिहून ठेवलेलं नाही, पण तसं असतं. वर्षालीने फोन केला की संभाषण असं व्हायचं.

"काय करतोयस?"

"काम."

"बरं. मग?"

"हं."

"हं काय?"

"हं."

आठवडाभर तिने हे सोसलं. मग एके दिवशी मला गवराबाईंचा फोन आला. त्यांची माझी ओळख कांद्यामुळे. दरवर्षी काढणी झाली की त्या एक पिशवी कंपनीत माझ्यासाठी पाठवतात.

"सुमनताई, तुमी तरी सांगा ह्या बाबाला," त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या. "पोरगी म्हनती, ह्यो मानूस हाय का खांब? ह्याला माझं काय पडल्यालंच न्हाई. म्हयनाभर बघती म्हनली, न्हाईतर अंगठी परत. आवो, दुसरं काय जमत नसंल तर दुपारच्याला 'जेवलीस का' येवढं तरी इचारावं का न्हाई मानसानं?"

मी ज्ञानेशला स्टोअरमध्ये बोलावून चांगला झापला. म्हटलं, चांगल्या मुली रस्त्यावर पडलेल्या नाहीत. रोज दुपारी एकला जेवायची सुट्टी होते, तेव्हा फक्त दोन शब्द, जेवलीस का. तो म्हणाला, "एक वाजता मी कुठे असेन सांगता येत नाही, ताई. प्रिंटर असतात." मी म्हटलं, ते मला सांगू नकोस. तो "हं" म्हणून गेला. त्याच्या चेहऱ्यावर जरा उजेड पडलेला दिसला. मला वाटलं माझ्या बोलण्याने पडला.

आता थोडं यंत्राचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. घाबरू नका, मला कळलंय म्हणजे कोणालाही कळेल. आमच्या मागच्या खोलीत एक सर्व्हर आहे. आम्हाला पंखा, त्याला एसी. त्यावर युनिक्सच्या जातीची सिस्टीम चालते आणि त्या सिस्टीममध्ये क्रॉन नावाचा एक मुकादम बसलेला आहे. त्याला एकदा लिहून द्यायचं, की अमुक वेळी अमुक काम कर. तो ते काम जन्मभर करत राहतो. शिवाय काम करताना ते काम काही 'बोललं', म्हणजे त्याने चार अक्षरं उमटवली, तर क्रॉन ती अक्षरं उचलतो आणि मेलने पाठवून देतो. काम मुकाट्याने झालं तर मेल नाही. मेल कोणाला जायची तो पत्ता सगळ्यात वर एकदाच लिहिलेला असतो आणि त्याखाली जेवढी कामं लिहाल त्या सगळ्यांना तोच लागू होतो. आमच्याकडे वर पत्ता होता 'स्टोअर-डिस्पॅच'. म्हणजे मी, डिस्पॅचचे सयाजीभाऊ, क्वालिटीवाले, पॅकिंगवाले आणि खुद्द प्लँटचे साहेब. रोज पहाटे शिल्लक मालाची मेल आम्हाला यायची. डावी बिजागरी इतकी, उजवी बिजागरी इतकी. कोणी ती वाचायचं नाही.

पुढच्याच बुधवारी दुपारी दीडच्या सुमाराला एक वेगळीच मेल आली.

"विचारपूस सुरू.
वर्षालीला विचारले: जेवलीस का?
उत्तर आले: हो. तू?
पाठवले: हो.
काम यशस्वी."

मी ती दोनदा वाचली. तेवढ्यात सयाजीभाऊ हातात फोन घेऊन धावत आले. सयाजीभाऊ बीडचे, डिस्पॅच सुपरवायझर, धार्मिक माणूस. कपाळावर अष्टगंध आणि टेबलावर पंचांग.

"ताई, ही वर्षाली कोणत्या खात्यातली?"

"ज्ञानेशच्या खात्यातली," मी म्हटलं, आणि मग आम्हा दोघांच्याही डोक्यात एकदमच प्रकाश पडला. पठ्ठ्याने आपला फोन सर्व्हरला जोडला होता आणि होणाऱ्या बायकोची विचारपूस क्रॉनच्या अंगावर टाकून दिली होती: एकला प्रश्न, दीडपर्यंत उत्तराची वाट, मग काम संपलं. वर पत्ता कोणाचा आहे ते बघितलंच नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. बरं, तो स्वतःही त्या पत्त्यात होता. पण क्रॉनच्या मेल आपोआप एका कप्प्यात जाव्यात अशी सोय त्याने करून ठेवली होती, आणि तो कप्पा कधी उघडायचा नाही ही त्याची शिस्त होती.

सांगायला हवं होतं त्याला. पण का सांगायचं? आमच्या कंपनीत येणाऱ्या मेल म्हणजे माल उशिरा का गेला, माल परत का आला आणि हेल्मेट का घातलं नाही. त्यात एक मेल अशी, की कोणीतरी कोणालातरी जेवलीस का विचारतंय आणि ती हो म्हणतेय. दीड वाजला की सगळं डिस्पॅच फोनला चिकटायचं. पॅकिंगच्या बायका मेल आल्याशिवाय डब्याचं झाकण लावेनात. एकदा वर्षालीचं उत्तर नुसतं "हो" आलं, "तू?" नाही, तर दुपारभर तिथे चर्चा, की भांडण झालं असेल का. साहेबांनीही एका मेलला उत्तर दिलं. एकच शब्द: "नोटेड."

सयाजीभाऊ तर रोज उत्तर द्यायचे. 'प्रिय ज्ञानेश, नुसतं जेवलीस का विचारू नये, भाजी काय केली तेही विचारावं. आपला, सयाजी.' ही सगळी उत्तरं क्रॉनच्या पत्त्यावर जायची, म्हणजे अशा पेटीत, जी जगात कोणी उघडत नाही. पालथ्या घड्यावर पाणी. आणि पोरगं उत्तर देत नाही म्हणून सयाजीभाऊ त्याच्यावर रुसले.

संकष्टीच्या दिवशी मात्र त्यांचा धीर सुटला. दीडला मेल आली, "जेवलीस का?", आणि सयाजीभाऊ सरळ ज्ञानेशच्या टेबलापाशी गेले.

"कामून रे, संकष्टीला पोरीला जेवलीस का विचारतोस? चंद्र उगवायच्या आधी? तिच्या आईनं वाचलं तर काय म्हणेल?"

ज्ञानेशने वर पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. पॅकिंगच्या बायका खिडकीतून डोकावत होत्या, त्यांच्याकडे पाहिलं. त्याने तो न उघडायचा कप्पा उघडला आणि बराच वेळ त्यात बघत बसला. कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या. मला वाटलं आता नोकरी सोडतो. शेवटी तो सयाजीभाऊंकडे वळून म्हणाला, "मग काय विचारू?"

एवढं एक वाक्य त्याने उच्चारलं आणि सगळ्या कंपनीने त्याचं लग्न ताब्यात घेतलं.

मेल बंद करायचा त्याने प्रयत्न केला. अक्षरं उमटूच द्यायची नाहीत, एवढं सोपं होतं ते. पण सयाजीभाऊ म्हणाले, "मेल बंद, तर डिस्पॅच बंद." मग पंचांग काढून ते त्याच्या शेजारी बसले. श्रावण चालू होता. सोमवारी "फराळ झाला का?" शनिवारी तेच. गुरुवार दत्तांचा, म्हणून तेच. एकादशीला "साबुदाणा खाल्लास का?" क्रॉनच्या वेळापत्रकात तिथ्या बसत नाहीत म्हणे, म्हणून ज्ञानेशने दोन दिवस खपून पुढच्या सगळ्या तिथ्या घातल्या. झालं असं, की आठवड्यात जेवायचे दिवस मोजकेच उरले.

वर्षाली उपास करतच नाही, हे आम्हाला फार उशिरा कळलं. गुरुवारी ती भुर्जी खाते. पण तिची आई हे मेसेज बघून भारावून गेली होती. "एवढा देवभोळा मुलगा मिळाला आपल्याला," असं शेजारीपाजारी सांगत सुटली. वर्षाली आपली सगळ्याला "हो. तू?" म्हणत राहिली. महिना भरत आला होता. अंगठी परत द्यायची गोष्ट तिने पुन्हा काढली नव्हती आणि गवराबाईंचा मला आनंदाचा फोन आला होता.

पण आमच्या लोकांना सुख सोसवत नाही. एका सोमवारी सयाजीभाऊ म्हणाले, "काल मेल आली नाही. रविवारी माणूस जेवत नाही का?" ज्ञानेशने सुरुवातीपासून रविवारची सुट्टी ठेवली होती. पॅकिंगच्या बायकांनीही लावून धरलं. साहेबांची मेल आली: "रविवारचं काय?" साहेबांनी विचारल्यावर कोण नाही म्हणणार? ज्ञानेशने रविवारही घातला.

आणि त्याच रविवारी वर्षालीने त्याला रावेतला मिसळ खायला बोलावलं.

पुढचं मी तिथे नव्हते. मला नंतर दोघांनी वेगवेगळं सांगितलं आणि त्यातली मिसळ तेवढी जुळली. दोघं समोरासमोर बसले होते. मिसळ झणझणीत होती. ज्ञानेशचे दोन्ही हात भरलेले, एका हातात पाव, दुसऱ्यात पिळायचं लिंबू. वर्षाली बोलत होती आणि हा "हं" म्हणत होता, पण हसून म्हणत होता, आणि तिला त्यातच बरं वाटत होतं. एवढ्यात तिचा फोन वाजला.

तिने पाहिलं. ज्ञानेशचा मेसेज होता. "जेवलीस का?"

तिने मान वर करून पाहिलं. ज्ञानेश लिंबू पिळत होता. त्याचा फोन टेबलावर पालथा पडला होता.

तिने त्याच्याकडे बघत बघतच उत्तर टाइप केलं: "हो. तू?" क्षणात उत्तर आलं: "हो." ज्ञानेशने तेव्हा पावाचा तुकडा तोंडात घातला होता. मग तिने टाइप केलं: "तू कोण आहेस?"

आता असला प्रश्न वेळापत्रकात कुठून असणार? जे उत्तर कळत नाही त्याला काय म्हणायचं, ते ज्ञानेशने एकदाच ठरवून ठेवलं होतं. फोनवर आलं: "छान."

तिने अंगठी काढली, कांद्याच्या ताटलीत ठेवली आणि उठून गेली. ज्ञानेश म्हणतो ती रागाने गेली. ती म्हणते, "मी रडत गेले, त्याला ते दिसलंसुद्धा नाही." मी तिच्यावर विश्वास ठेवते.

इकडे आम्ही सगळे आपापल्या घरी जेवून उठलो होतो आणि मेल आली.

"वर्षालीला विचारले: जेवलीस का?
उत्तर आले: हो. तू?
पाठवले: हो.
उत्तर आले: तू कोण आहेस?
पाठवले: छान.
काम यशस्वी."

सयाजीभाऊंनी आधी ज्ञानेशला फोन करून मिसळीचं आणि अंगठीचं सगळं काढून घेतलं, मग मला केला. ते हळू आवाजात म्हणाले, "ताई, आपण रविवार घालायला नको होता." एवढ्यावर थांबतील तर सयाजीभाऊ कसले! पुढे म्हणाले, "आणि श्रावणात कांदा खाल्ला, तेही बरं नाही झालं."

सोमवारी ज्ञानेश आला तो डोळे सुजलेले घेऊन. त्याने वेळापत्रकातून ते काम खोडून टाकलं होतं. दीड वाजला, मेल नाही. सगळं डिस्पॅच फोनकडे बघत बसलं होतं. पॅकिंगमधली एक बाई पदराने डोळे पुसायला लागली. मी तिला ओरडले, पण मीही डबा अर्धाच ठेवून झाकण लावलं. आमच्या मूर्खपणाने एका पोराचा संसार सुरू होण्याआधीच मोडायला निघाला होता. माझी चिडचिड होते तेव्हा मला काहीतरी करावंच लागतं, म्हणून मी उठले.

"फोन कर तिला," मी ज्ञानेशला म्हटलं.

"काय बोलू?"

सयाजीभाऊंनी खिशातून दोन पानांचं भाषण काढलं. पहिलं वाक्य होतं, 'हे सुशील कन्ये.' मी ते चुरगळून टाकलं. ज्ञानेशने फोन लावला. वर्षालीने उचलला नाही. परत लावला, कट केला.

"गाडी काढ," मी म्हटलं. "चिंचवडला जाऊ."

"ताई, तुम्ही पण?"

"तुला एकटा सोडला तर तिथला प्रिंटर दुरुस्त करून परत येशील."

आम्ही निघालो. पुढे ज्ञानेश, मागे मी, डोक्यावर शॉपमधलं पिवळं हेल्मेट. तळेगाव चौकात ट्रकांच्या रांगेत अडकलो, मोशीला अडकलो, भोसरीत अडकलो. उंटावरून शेळ्या हाकायला सोकावलेला माणूस पहिल्यांदाच स्वतः शेळ्यांत उतरला होता. मी वाटेत त्याला म्हटलं, काय बोलायचं ठरव. तो म्हणाला, "हं." मला त्याला गाडीवरून ढकलून द्यावंसं वाटलं.

लॅबमध्ये ही गर्दी. वर्षाली एका टेबलामागे सुया आणि बाटल्या मांडून बसली होती, समोर एक स्टूल. मी म्हटलं, जा सरळ. पण ज्ञानेशने मशीनमधून नंबरची चिठ्ठी काढली आणि रांगेत बसला. "लोक आधीपासून बसलेत," तो म्हणाला. मी कपाळावर हात मारला. तीन वाजून गेले तेव्हा त्याचा नंबर आला. तो स्टुलावर जाऊन बसला, बाही वर केली आणि हात टेबलावर ठेवला.

वर्षाली खाली मान घालून बाटलीवर पट्टी चिकटवत होती. दिवसभर तेच तेच विचारून तिचा आवाज सपाट झाला होता.

"नाव?"

"ज्ञानेश सावळाराम येळवंडे."

तिचा हात थांबला. पण मान वर झाली नाही. "उपाशीपोटी आहात का?"

"हो."

"कधीपासून?"

"कालच्या मिसळीपासून."

आता तिने मान वर केली. डोळे तिचेही सुजलेले होते. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मी मनात म्हटलं, बोल रे बाबा, काहीतरी बोल. आणि तो बोलला. सगळ्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात त्याने विचारलं, "तू जेवलीस का?"

"हो," ती म्हणाली. एवढ्या पटकन म्हणाली, की तिचं तिलाच कळलं नसावं.

मला वाटलं संपलं. आता हा त्याच्या यंत्रासारखा म्हणणार, छान. पण तो तिच्या मागे बघत होता. मागे खुंटीला डब्याची पिशवी लटकत होती आणि तिची गाठसुद्धा सुटलेली नव्हती.

"डबा तर बांधलेला आहे."

वर्षालीने मागे वळून पिशवीकडे पाहिलं.

"मग हो का म्हणालीस?"

"हो म्हणायचं असतं म्हणून," ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम चढला. "बघतोयस ना ही गर्दी? साडेतीनच्या आत मी कधी जेवलेय इथे?"

"रोज?"

"रोज!"

"म्हणजे मी एक वाजता विचारायचो तेव्हा..."

"तू कुठे विचारायचास? तुझं ते यंत्र विचारायचं. मी उपाशी असायचे आणि हो म्हणायचे, आणि ते म्हणायचं हो. संपलं!"

मला लाज वाटली, खरं सांगते. रोज ती मेल वाचून आम्ही सगळे ढेकर देत होतो, पोरगी जेवली म्हणून. काम यशस्वी.

ज्ञानेशचे ओठ हलत होते. मग तो म्हणाला, "भूक लागत नाही का तुला?"

"लागते की. डोकं दुखतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कोणाला सांगू?" ती म्हणाली, आणि आता ती सरळ सरळ रडत होती. "पुढचं विचारलंस का कधी?"

मागून एक आजोबा काठी आपटत ओरडले, "आवो बाई, आमी बी उपाशीच हाओत सकाळधरनं! आमचं रगत घ्या, मंग रडा!"

वर्षालीने नाक पुसलं, शेजारच्या मुलीला टेबल सांभाळायला सांगितलं आणि पिशवी काढून बाहेर जिन्यावर येऊन बसली. ज्ञानेश तिच्या मागोमाग गेला, अजून बाही वर केलेलीच. मी दारापाशी उभी राहिले. ऐकायचं नव्हतं मला, पण दार उघडंच होतं.

"काय आहे डब्यात?" त्याने विचारलं.

"गवार."

"आवडते?"

"अजिबात नाही."

"मग काय आवडतं?"

ती सांगत राहिली आणि तो विचारत राहिला. आमच्या कंपनीत इतक्या वर्षांत बोलला नसेल एवढं तो त्या जिन्यावर बोलला. अंगठीचं कोणीच काढलं नाही. शेवटी तिने हातातली भाकरी तशीच धरून त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"उद्या तू विचारलंस जेवलीस का, आणि मी हो म्हणाले, तर काय करशील?"

तो विचार करत बसला. एवढा वेळ, की मी दारामागे दात आवळले.

"'खरं का?' असं विचारीन," तो म्हणाला.

वर्षालीने भाकरी मोडली, अर्धी डब्याच्या झाकणात ठेवली, वर गवार वाढली आणि झाकण त्याच्यापुढे सरकवलं.

"खा आधी," ती म्हणाली. "कालपासून उपाशी आहेस."